खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली करिझ्मा: आधी मीठ, मग ब्रेक, रंग सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालवणजवळ, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर असलेल्या घराच्या पडवीत २००४ ची हिरो होंडा करिझ्मा मोटारसायकल सहा वर्षं उभी आहे. इंजिन जाम, टाकीत गंज, पुढचा ब्रेक पकडून बसलेला, फेअरिंगला (पुढच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला) तडे. घरीच उघडून ती चालू करायची आहे, दिवा, ब्रेक आणि टायर थोडे सुधारायचे आहेत, आणि आंबोली घाट चढून कोल्हापूर गाठता येईल इतकी भरवशाची करायची आहे. सुरुवात इंजिनापासून करावी की रंगापासून?

दोन्हीपासून नको. किनाऱ्यावरच्या गाडीचं पहिलं काम मीठ काढणं. पुण्या-नाशिकला सहा वर्षं उभी राहिलेली गाडी धुळीने भरते, आपल्याकडची मिठाने भरते, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. मालवण-देवगडला बहुतेक महिन्यांत रात्री आणि पहाटे आर्द्रता त्याहून जास्तच असते. म्हणजे पत्र्यावर, कपलरमध्ये, नटाच्या आट्यात बसलेलं मीठ रोज रात्री ओलं होतं आणि गंज रोज रात्री पुढे सरकतो. त्यावर ग्रीस लावलं, रंग मारला, नवा पार्ट बसवला, तरी खाली तो चालूच राहतो. चार महिन्यांत रंगाला फोड येतात आणि मिस्त्रीचं नाव खराब होतं, ते याच कारणाने.

तेव्हा आधी सीट, टाकी, फेअरिंग, साइड पॅनेल, बॅटरी काढा. प्रत्येक जोडाचे फोटो घ्या, नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत नाव लिहून ठेवा. एअर फिल्टरचा डबा, सायलेन्सरचं तोंड आणि कार्ब्युरेटरच्या नळ्या आधी बघा. पडवीत उभ्या गाडीत उंदीर आणि कुंभारमाशी हमखास घर करतात. फिल्टरच्या डब्यात तूस-सोडणाचं घरटं आणि ओव्हरफ्लोच्या नळीत मातीची गोळी, हे दोन्ही सापडलं नाही तर पुन्हा शोधा.

मग गोड्या पाण्याने, कमी दाबाने, तीन वेळा धुवा. प्रेशर पंप नको, त्याने मीठ बेअरिंगच्या सीलमधून आत ढकललं जातं. कपड्यांची पावडरही नको, ती क्षारयुक्त असते आणि ॲल्युमिनियम काळं पाडते. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मे मध्ये मचूळ होतात, ते पाणी वापरलंत तर मिठाने मीठ धुतल्यासारखं होईल. घरात पिण्याच्या पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस पेन असेल तर तो इथे उपयोगी पडतो. आधी नळाच्या पाण्याचं माप घ्या, मग चेसिसवरून खाली पडलेल्या पाण्याचं. दोन आकडे जवळपास सारखे आले की मीठ गेलं. मीठ दडून बसतं ते टाकीखालच्या पोकळीत, हेडलाइटच्या मागे, फेअरिंगच्या ब्रॅकेटमध्ये, साइड स्टँडच्या कानात आणि स्विंग आर्मच्या आत. स्विंग आर्मच्या खालच्या बाजूला पाणी जायचं छिद्र असतं, ते मातीने बुजलेलं असतं. तार घालून मोकळं करा आणि आतून धुवा. धुतल्यावर ब्लोअरने वाळवा. नुसतं उन्हात ठेवून पोकळ भाग वाळत नाहीत.

आता बोल्ट. या कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं. लोखंडी बोल्ट, ॲल्युमिनियमचं केसिंग आणि मध्ये खारं पाणी, असा तो छोटा बॅटरी सेलच असतो. ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी पूड आट्यात घट्ट बसते आणि बोल्ट पकडला जातो. पान्हा लावून जोर दिला की डोकं तुटतं. त्याऐवजी आदल्या दिवशी पेनिट्रंट तेल सोडा, दुसऱ्या दिवशी डोक्यावर हातोडीने सरळ दोन-चार ठोके द्या, केसिंग हॉट एअर गनने गरम करा (ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून आटे किंचित सैल होतात) आणि मग आधी थोडं घट्ट, मग सैल, असं मागे-पुढे करत काढा. केसिंगचे प्लस स्क्रू जपानी मापाचे असतात. साध्या स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांत पूर्ण बसत नाही आणि खाच उडते. हातोड्याने ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, तो पहिल्याच दिवशी वसूल होतो. गॅस कटरची ज्योत मात्र केसिंगजवळ नको.

परत बसवताना ६ मिमीचा बोल्ट १० न्यूटन-मीटर, ८ मिमीचा साधारण २२. याहून जास्त जोर ॲल्युमिनियमचे आटे सहन करत नाहीत. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून घ्या. एम-सीलने भरून पुन्हा आटे पाडायचा प्रकार पहिल्याच घाटात ऑईल गळून उघडा पडतो. स्टेनलेसचे बोल्ट लावायची हौस पुष्कळांना असते. ते स्वतः गंजत नाहीत हे खरं, पण ॲल्युमिनियममध्ये कोरडे बसवले तर आटे आणखी घट्ट पकडतात. लावायचे तर प्रत्येकाला अँटी-सीझ पेस्ट हवीच. एक्सल, ब्रेक कॅलिपर आणि इंजिन माउंटिंगचे बोल्ट मात्र कंपनीचेच ठेवा, बाजारातलं साधं स्टेनलेस तेवढ्या ताकदीचं नसतं.

यानंतर ब्रेक. गाडी चालण्याआधी ती थांबली पाहिजे. करिझ्माला पुढे २७६ मिमीची डिस्क आणि मागे १३० मिमीचा ड्रम आहे. पुढचा पिस्टन जाम असेल तर कॅलिपर डिस्कवरून उतरवा, होज जोडलेलाच ठेवा, आणि लिव्हर मारून पिस्टन बाहेर ढकला. कॉम्प्रेसरची हवा मारून पिस्टन उडवू नका, बोट चिरडतं. लिव्हरने हलत नसेल तर कॅलिपरभोवती गरम पाण्याचं फडकं गुंडाळून पुन्हा प्रयत्न करा. पिस्टन निघाल्यावर त्याची चमक बघा. जिथे सील घासतं त्या पट्ट्यात गंजाचे खड्डे असतील तर पिस्टन बदला, घासून गुळगुळीत करून भागत नाही. सील दोन्ही नवीच. पण नवी सील बसवूनही ब्रेक पुन्हा जाम होतो, त्याचं कारण सील ज्या खाचेत बसते तिच्यात जमलेली पांढरी पूड. ती सीलला मागून दाबत राहते. खाच लाकडी टोकदार काडीने आणि ब्रेक क्लीनरने पूर्ण स्वच्छ करा, लोखंडी हुक वापरू नका. सीलला फक्त ब्रेक ऑईल लावा. सरकत्या पिनना सिलिकॉन ग्रीस, साधं ग्रीस नाही, कारण त्याने रबर फुगतं. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, व्हर्नियरने मोजून बघा.

ब्रेक ऑईल डॉट ३ किंवा डॉट ४, मास्टर सिलिंडरच्या झाकणावर जे लिहिलं असेल ते. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते इथे चालत नाही. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ वर येतो. आपल्याकडच्या हवेत ते पाणी लवकर शोषतं, म्हणून बाटली फोडली की वापरून टाका, अर्धी ठेवलेली पुढच्या वर्षी वापरू नका. आंबोली किंवा आंबा घाट उतरताना पुढचा ब्रेक सतत धरला आणि लिव्हर अचानक पोकळ झाला, तर बहुतेक वेळा दोष या पाण्याचाच असतो. रबरी होज वीस वर्षांचा झाला आहे, तो जाऊ द्या. त्याच्या जागी स्टीलच्या जाळीचा होज घाला. या गाडीवर करायची पहिली सुधारणा हीच. लिव्हर दगडासारखा घट्ट लागतो आणि मीठही त्यात शिरत नाही. मागच्या ड्रममध्ये शूवर काच चढल्यासारखी चमक असेल तर शू बदला, आणि ब्रेकचा कॅम काढून, घासून, थोडं ग्रीस लावून परत बसवा. तो कॅम अर्धवट जाम असला की मागचा ब्रेक लागल्यावर सुटत नाही.

पुढचे फोर्क उघडा. ऑईल काळं पाणी झालेलं असेल. सील बदलणं सोपं आहे, खरा प्रश्न क्रोमच्या नळीवरच्या गंजाचा. सील जेवढ्या भागावर फिरतं तिथे खड्डे असतील तर नवी सील महिनाभरात कापली जाईल. खड्डे त्या भागाच्या वर असतील तर बारीक पेपरने काठ मोडून इपॉक्सीने भरा. फिरत्या भागात असतील तर नळ्या हार्ड क्रोमला द्या किंवा नव्या घ्या. असलं काम कोल्हापूरच्या वर्कशॉपांत होतं, पण ग्राइंडिंगनंतर माप मूळचं आलंय का, ते घेताना मायक्रोमीटरने बघूनच पैसे द्या. हँडल मधोमध आणल्यावर खटका लागत असेल तर कोन सेट (हँडलच्या दांड्याची बेअरिंग) बदला. गाडी वर्षानुवर्षं एकाच जागी उभी राहिली की गोळ्या वाटीत खड्डे पाडतात, ग्रीसने तो खटका जात नाही. चाकांची बेअरिंग आणि स्विंग आर्मचे बुश तपासत बसू नका, बदलूनच टाका. टायरही तसेच. बाजूवर शेवटचे चार आकडे बघा: ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. सहा वर्षांहून जुना टायर, नक्षी कितीही शाबूत असो, ओल्या जांभ्याच्या रस्त्यावर आणि शेवाळल्या पुलावर धरत नाही.

आता इंजिन. २२३ सीसी, ६५.५ मिमी बोअर, ६६.२ मिमी स्ट्रोक, ९:१ कॉम्प्रेशन, ७००० आरपीएमला सुमारे १७ अश्वशक्ती. मजबूत इंजिन आहे, पण गिअर टाकून ढकलून, धक्का देऊन ते सोडवायचा प्रयत्न करू नका. रिंगा खाचेत चिकटलेल्या असतात. धक्क्याने पिस्टनच्या खाचांचे काठ मोडतात आणि नुसत्या होनिंगवर (सिलिंडरची आतली भिंत हलकी घासण्यावर) भागलं असतं तिथे पूर्ण बोअर-पिस्टनचा खर्च येतो. प्लग काढा, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं असं २०-३० मिली आत सोडा, तीन-चार दिवस थांबा, रोज थोडं वाढवा. मग मॅग्नेटचं कव्हर काढून नटावर बॉक्स पान्हा लावून हलक्या हाताने दोन्ही दिशांना डुलवा. केसभर जरी हललं तरी काम झालं, तेल टाकत डुलवत राहा. आठवडाभरात हललं नाही तर हेड आणि सिलिंडर उतरवा, बाहेर काढून सोडवणं कधीही सुरक्षित.

त्याआधी इंजिन ऑईल खाली सोडून बघा. चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या आणि त्यांतल्या काही पुढे विकल्या गेल्या. कोकणात कुठूनही जुनी करिझ्मा किंवा तिचे सुटे भाग घेणार असाल तर हेडलाइटच्या मागे, मीटरच्या आत आणि सीटच्या फोममध्ये गाळाची रेघ शोधा. तसं इंजिन असेल तर क्रँकची बेअरिंगही बदलावी लागतात, त्यावर गंजाचा एक ठिपका असला तरी आवाज येतोच.

सिलिंडर निघाला की नखाने आतली भिंत चाचपा. नख अडकत नसेल तर होनिंग आणि नव्या रिंगा पुरतात. अडकत असेल तर बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून मोठा करणं. यात एक क्रम पाळा: आधी ओव्हरसाइज पिस्टन हातात घ्या, मग तो लॅथवाल्याला द्या आणि त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्या. आकड्यावरून आधीच बोअर करून ठेवलेल्या सिलिंडरमध्ये बाजारातला पिस्टन कधी सैल बसतो, कधी घाटात पकडतो. हेडमध्ये व्हॉल्व्हची रबरी सील न बघता बदला, वीस वर्षांत ती प्लॅस्टिकसारखी कडक होतात. व्हॉल्व्ह बसलेले असताना पोर्टमध्ये रॉकेल ओतून पाच मिनिटं थांबा. खालच्या बाजूला ओलावा दिसला तर लॅपिंग (पेस्ट लावून व्हॉल्व्ह बैठकीवर घासून बसवणं) हवं. टायमिंग चेन, तिच्या पट्ट्या आणि टेन्शनर एकत्रच बदला. क्लच कव्हरच्या आतली ऑईलची जाळी काढून धुवा, तिच्यात जुन्या सीलचे तुकडे आणि गाळ हमखास असतो. टॅपेटची (व्हॉल्व्हच्या वरची) फट इंजिन पूर्ण थंड असताना, मॅन्युअलमधल्या मापाच्या फीलर गेजने जुळवा. आवाज कमी व्हावा म्हणून घट्ट करणारे मिस्त्री असतात, त्यांना हात जोडा. टॅपेट बारीक वाजलेलं चालतं, पण घट्ट टॅपेटने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

टाकी १५ लिटरची आहे. आत गंज असेल तर कॉक काढून त्या जागी रबराचा तुकडा आणि पट्टी लावून बंद करा. मग लिटरला १०० ग्रॅम, म्हणजे पूर्ण टाकीला दीड किलो लिंबूफूल कोमट पाण्यात विरघळवून काठोकाठ भरा. जास्त गंज असेल तर आधी जुन्या चेनचा हातभर तुकडा मूठभर पाण्यासकट आत टाकून टाकी हलवा, आणि चेन बाहेर काढायला विसरू नका. १२ ते २४ तासांत गंज सुटतो. ओतून द्या, खायचा सोडा घातलेल्या पाण्याने एकदा आणि स्वच्छ पाण्याने दोनदा विसळा, लगेच ब्लोअरने वाळवा आणि आतून टू-टी ऑईल मिसळलेलं पेट्रोल फिरवा. हे एका दमात झालं पाहिजे. ओलसर उघडा पत्रा आपल्या हवेत तासाभरात पुन्हा तांबूस होतो. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका, त्यात हायड्रोक्लोरिक असतं आणि त्याचं क्लोराइड पत्र्याच्या छिद्रांत उरतं, म्हणजे मीठच आत भरल्यासारखं. कोकमाचं आगळही त्याच कारणाने नको: तांब्याची भांडी त्याने लखलखतात, पण आगळात मीठ असतं. टाकीच्या आतून लावायचे स्वस्त लेप टाळा, आजच्या पेट्रोलमध्ये ते सोलून निघतात आणि जेटमध्ये अडकतात.

या आजच्या पेट्रोलबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण गाडी २००४ ची आणि पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. त्याचे तीन परिणाम होतात. जुनं रबर फुगतं किंवा तडकतं, म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचं वॉशर, फ्लोट चेंबरचं रबर आणि कार्ब्युरेटरचे ओ-रिंग ई-२० ला चालणारे घ्या. दुसरं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे एक भाग इंधनाला १४.७ भाग हवा लागायची तिथे साडेतेराच्या आसपास पुरते. जेट मात्र जुन्या हिशोबाचे आहेत. म्हणजे मिश्रण जवळपास आठ टक्के पातळ होतं: सकाळी गाडी नखरे करते, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सर फटफटतो आणि घाट चढताना इंजिन जास्त तापतं. उपाय म्हणजे मेन जेट एक नंबर मोठा आणि हवेचा-पेट्रोलचा स्क्रू पाव ते अर्धा फेरा बाहेर. मग दहा-पंधरा किलोमीटर चालवून प्लग बघा. पांढरा पडला तर अजून पातळ आहे, विटकरी-तपकिरी हवा. तिसरा परिणाम खास किनाऱ्याचा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पुरेसं पाणी झालं की ते दोघं मिळून तळाशी वेगळा थर करून बसतात. गाडी पावसाळ्यात उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा किंवा पूर्ण रिकामी करा, आणि कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल इंजिन बंद पडेपर्यंत जाळून टाका. अर्धी टाकी सगळ्यात वाईट.

कार्ब्युरेटर कॉन्स्टंट व्हॅक्यूमचा आहे, वरच्या झाकणाखाली रबरी पडदा असतो. पडदा उजेडासमोर धरा, टाचणीएवढं छिद्र असलं तरी गाडी वेग घेत नाही. जुळवल्यावर पिस्टन बोटाने वर उचलून सोडा: तो धपकन न पडता सावकाश खाली यायला हवा. पायलट जेटचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, फार तर तांब्याच्या वायरचा एक तंतू घाला. सुई घातली की छिद्र कायमचं मोठं होतं. मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो आत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा. इंजिन आणि कार्ब्युरेटरमधला रबरी जोड वाकवून बघा. त्याच्या भेगा सरळ धरल्यावर दिसत नाहीत, आणि गाडीचं आयडल बसत नाही त्याचं कारण अनेकदा हेच असतं.

वायरिंगचं काम कंटाळवाणं वाटतं, पण किनाऱ्यावर रस्त्यात बंद पडणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच इथेच हरतात. प्रत्येक कपलर उघडा. आत हिरवा चुरा दिसेल. कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक ब्रश, मग पिन किंचित दाबून घट्ट करा आणि जोडल्यावर वरून डायइलेक्ट्रिक ग्रीस किंवा साधं व्हॅसलीन. वायर सोलल्यावर तांबं काळं दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा, काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही. काही वेळा मीठ वायरच्या आतून हातभर पुढे गेलेलं असतं. तेवढी वायर बदला, टेप गुंडाळून पुढे ढकलू नका. चेसिसवरची अर्थिंगची जागा पत्रा चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर लावा, आवळल्यावर रंगाने झाका. तपासणी सोपी आहे: मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनाच्या बॉडीवर ठेवून सेल्फ मारा. ०.३ व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंग खराब आहे, मग नवी बॅटरी घेऊनही सेल्फ रडेल. बॅटरी १२ व्होल्ट ७ एएच. उभी असताना १२.६ च्या आसपास आणि इंजिन ४-५ हजार आरपीएमला १३.८ ते १४.८ हवं. १५ च्या वर गेलं तर रेक्टिफायर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा डबा) बघा, पण बदलण्याआधी त्याचा कपलर आणि अर्थिंग बघा. इग्निशनच्या डब्यालाही हाच नियम: डबा बिघडण्याआधी त्याचा कपलर बिघडलेला असतो.

दिवा मोठा करायच्या आधी आहे त्या बल्बपर्यंत किती व्होल्ट पोहोचतात ते मोजा. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर हॅलोजनचा उजेड जवळपास तीस टक्के कमी होतो. इंजिन बंद असताना दिवा लागत असेल तर तो बॅटरीवर चालतो. तसं असेल तर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) लावा: बॅटरीपासून १० अँपिअरचा फ्यूज, दीड चौरस मिलिमीटरची वायर, ती रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ मधून बल्बला, आणि जुनी हेडलाइटची वायर ८६ ला, ८५ अर्थला. हाय आणि लो बीमला वेगवेगळा रिले. इंजिन चालू असतानाच दिवा लागत असेल तर तो थेट कॉइलवर आहे, तिथे ही जोडणी करू नका. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी कोंबला की समोरच्याचे डोळे दिपतात, आणि आंबोलीच्या धुक्यात तो पांढरा उजेड पडद्यासारखा तुमच्याच तोंडावर परत येतो. चांगला हॅलोजन आणि पूर्ण व्होल्टेज यातच शहाणपण आहे.

बाकी सुधारणांत माझं मत स्पष्ट आहे: ताकद वाढवू नका. मोकळा सायलेन्सर लावला की आधीच पातळ झालेलं मिश्रण आणखी पातळ होतं. उघडा गोल फिल्टर लाल धूळ आणि खारा दमटपणा सरळ आत घेतो. त्याऐवजी पुढच्या चाकाला मूळच्या २.७५-१८ टायरऐवजी ८०/१००-१८ घाला, हाच आकार नंतर आलेल्या करिझ्मा झेडएमआरला होता. मागे १००/९०-१८ मूळचाच ठेवा. झेडएमआरचे टायर ट्यूबलेस होते, पण जुन्या करिझ्माचं रिम ट्यूबसाठी बनलेलं आहे, म्हणून आत ट्यूब हवीच. चेन ओ-रिंगची घ्या, तिच्या पिनांपर्यंत मीठ पोहोचत नाही, आणि दोन्ही स्प्रॉकेट सोबतच बदला. झेडएमआरची मागची डिस्क बसवता येते, पण चाक, स्विंग आर्म, मास्टर सिलिंडर सगळंच आणावं लागतं, आणि नीट जुळवलेला ड्रम या गाडीला पुरतो. पार्ट शोधताना २००३ ते २००९ च्या करिझ्मा आणि करिझ्मा आरचे इंजिनाचे बरेच भाग एकमेकांना बसतात. २०२३ ची एक्सएमआर मात्र पूर्ण वेगळी, २१० सीसी पाण्याने थंड होणारी गाडी आहे. नावावरून तिचा भाग मागवू नका.

कागदांकडे रंगाच्या आधी बघा. २००४ च्या गाडीची १५ वर्षांची नोंदणी २०१९ मध्ये संपली आहे. एमएच-०७ च्या (सिंधुदुर्गच्या) आरटीओ कार्यालयात नमुना २५ भरून, गाडी दाखवून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही, आणि रंग बदलायचा असेल तर आरसीवर तशी नोंद हवी. चेसिस नंबरवर लांबी (पुट्टी) किंवा पावडर कोटिंगचा जाड थर चढवला तर तपासणीत गाडी परत पाठवतात, तिथे आधी मास्किंग टेप लावा.

रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी ११ ते दुपारी ४ च्या दरम्यान. पावसाळ्यात मारलेल्या रंगावर दुधाळ झाक येते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर दव धरतं. घासलेल्या पत्र्यावर दोन तासांच्या आत झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर बसलाच पाहिजे. नुसत्या रेड ऑक्साइडवर किनाऱ्यावर भरवसा ठेवू नये. वर टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग). चेसिसच्या पोकळ नळ्यांत रंगानंतर कॅव्हिटी वॅक्स सोडा. ते मिळालं नाही तर गरम करून पातळ केलेलं ग्रीस आणि इंजिन ऑईलचं मिश्रण नळीने आत फिरवा. फेअरिंग एबीएसची आहे. त्याच प्लॅस्टिकचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेल्या लापशीने तडे आतून भरा, तडा जिथे थांबतो तिथे आधी २ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे धावत नाही. फेअरिंगचे रबरी ग्रोमेट नवे घातले नाहीत तर तडे पुन्हा पडतील.

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून पाच-पाच सेकंद सेल्फ मारा, मध्ये थांबा, आणि टॅपेटचं झाकण उघडून वर ऑईल आलंय का ते डोळ्यांनी बघा. ऑईल दिसल्याशिवाय प्लग लावू नका. बोअर केलं असेल तर पहिले ५०० किलोमीटर पाच हजार आरपीएमच्या खाली, एकसारख्या वेगाने न रेटता, चढ-उतार करत चालवा. पहिल्या १०० किलोमीटरला ऑईल बदला आणि जाळी पुन्हा बघा, तेव्हाच सगळे बोल्टही एकदा पान्ह्याने चाचपा. आंबोली घाट त्यानंतर. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीवरून गाडी नेली, की त्याच दिवशी संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, चेनला तेल द्या आणि ब्रेक दोन-चारदा दाबून डिस्क वाळवूनच पडवीत लावा.